काम बंद पडलं, मंदी आली, तर घरच्यांची तब्येत कशी सांभाळायची (मेडिकलवाल्याकडून)

मी इचलकरंजीत मेडिकल चालवतो, गाव यंत्रमागाचं. आमच्याकडे मंदी आलेली काउंटरवर लगेच कळते. खर्चीवाल्यांना, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणाऱ्यांना, व्यापाऱ्याकडून बीम (सूत गुंडाळलेला रूळ) मिळेना, कारखान्याची एक पाळी बंद झाली, की थोड्याच दिवसांत "अख्खी पट्टी नको, पाचच गोळ्या द्या" म्हणणारे वाढतात. मग "बीपीची द्या, शुगरची पुढच्या आठवड्यात नेतो" सुरू होतं, आणि मग ती माणसं यायचीच बंद होतात. नोटबंदीच्या वेळी २०१६ ला हे बघितलं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर काय बोलायलाच नको, आणि मधल्या छोट्या-छोट्या मंद्या तर कुणी मोजतही नाही.

लोकांना वाटतं पैसा संपला की माणूस उपाशी राहून आजारी पडतो. तसं होतं, पण आपल्याकडे बहुतेक वेळा ते तसं होत नाही. होतं असं की घरात गुपचूप काही गोष्टी कापल्या जातात, गोळी, तपासणी, आईच्या ताटातली डाळ, पोराचं दूध, आणि ह्यातल्या कशानेही उद्या काही होत नाही, म्हणून वाटतं की चाललंय. सहा महिन्यांनी, वर्षाने त्याचं बिल येतं, आणि ते वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट असतं. म्हणून हे लिहितोय, की खर्च कापायचाच आहे तर कुठे कापायचा, कुठे अजिबात हात लावायचा नाही, आणि जे फुकट मिळतं ते कुठून आणि कसं घ्यायचं. बहुतेक गोष्टी महाराष्ट्रापुरत्या आहेत, गोव्यातल्या किंवा बाहेरच्या लोकांनी आपापल्या राज्याच्या योजना बघाव्यात.

आणि एक, मंदी दोन महिन्यांची आहे असं धरून चालू नका. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, थोडं ताणलं की सुटेल असंच बऱ्याच जणांना वाटलं होतं, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. प्लॅन करताना वर्षाचा करा. लवकर सुटलं तर चांगलंच आहे.

पहिलं काम: गोळ्यांची यादी

पगार बंद झाला त्या आठवड्यातच घरातल्या सगळ्यांच्या चालू गोळ्या एका ठिकाणी काढा आणि त्याचे दोन ढीग करा. एक, जे बंद केलं तर माणूस अडचणीत येतो. दुसरा, जे बंद केलं तर काही बिघडत नाही. हे दोन ढीग स्वतः करू नका, डॉक्टरला किंवा निदान मेडिकलवाल्याला दाखवून करा, पण साधारण कल्पना देतो.

पहिल्या ढिगात बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्स, दमा, हार्टचं, टीबी, एचआयव्ही, मानसिक आजाराच्या गोळ्या. ह्यातल्या काही अशा आहेत की एकदम बंद केल्या तर बंद केल्यामुळेच त्रास होतो. फिट्सची गोळी अचानक थांबवली की फिट्स लागोपाठ येऊ शकतात. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असल्या गोळ्या झटक्यात सोडल्या तर छातीत दुखणं, धडधड, कधी अटॅकपर्यंत जातं. स्टेंट, म्हणजे हार्टची नळी उघडी ठेवायची जाळी, बसवलेल्या माणसाने रक्त पातळ करायची गोळी सोडली तर तो स्टेंटच बंद होऊ शकतो. ज्या पोरांना लहानपणापासून इन्सुलिन आहे त्यांचं इन्सुलिन एक दिवसही चुकवायचं नाही, ती पोरं दोन-तीन दिवसांत आयसीयूत जातात. झोपेच्या आणि मनाच्या गोळ्यासुद्धा हळूहळू कमी करायच्या असतात, एकदम नाही.

दुसऱ्या ढिगात काय? टॉनिक. लिव्हरचं सिरप. ताकदीची पावडर. उगाच चालू असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या रंगीत कॅप्सूल. प्रत्येक खोकल्याला आणलेलं नवीन सिरप. आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं म्हणजे सलाईन. "लई गळून गेल्यासारखं वाटतंय, एक बाटली लावा" हे वाक्य महाराष्ट्रात ज्याने ऐकलं नसेल तो दवाखान्यात गेलेलाच नाही. जुलाब-उलट्यांनी माणूस पाणीही पोटात ठेवू शकत नसेल तर सलाईन लागतं, ते सोडलं तर त्या बाटलीत जे असतं ते बहुतेक वेळा मीठ, साखर आणि पाणीच. तेच ओआरएसच्या पुडीत मिळतं आणि ती पुडी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. नसेल तर घरी एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा घ्यायचा आणि माप काटेकोर ठेवायचं, मीठ जास्त झालं तर लहान पोराला त्रास होतो.

मी हे लिहितोय म्हणजे माझ्याच गल्ल्यावर पाय देतोय हे मला माहीत आहे, टॉनिकवर मार्जिन चांगलं असतं.

आता गोळ्या स्वस्तात कशा घ्यायच्या. डॉक्टरला सरळ सांगा की काम बंद आहे, कंपनीचं नाव नको, गोळीतल्या औषधाचं नाव लिहा. लाज वाटायचं काही कारण नाही, आणि ऐकणारे डॉक्टर असतात. जनऔषधी केंद्रात तीच औषधं ५० ते ९० टक्के कमी भावात मिळतात, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, शुगरची मेटफॉर्मिन ह्यांची दहाची पट्टी तिथे चहा-बिस्किटाच्या पैशात येते. ती गोळी "हलकी" असते हे मी रोज ऐकतो. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम सारखे असतील तर घ्या, बदलल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एकदा बीपी किंवा शुगर तपासून बघा, म्हणजे मनातली शंकाही जाते. थायरॉईड आणि फिट्सच्या गोळ्यांचा मात्र ब्रँड सारखा बदलू नका, एक धरा आणि तोच चालू ठेवा, बदलायचाच तर डॉक्टरला सांगून.

त्याहून स्वस्त म्हणजे फुकट. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात, तीस वर्षांच्या वरच्या लोकांची तपासणीही होते. कधीकधी स्टॉक नसतो, खरंय. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जायचं, संपल्यावर नाही. टीबीची औषधं, एचआयव्हीच्या एआरटी गोळ्या, हे पूर्ण मोफत आहे आणि बाहेर विकत घ्यायची गरजच नाही.

तीन गोष्टी ज्या मंदीत लोक करतात आणि करू नयेत. गोळी मोडून अर्धी खाणं, त्यातही ज्यावर एसआर किंवा एक्सआर लिहिलंय ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, मोडली की कधी सगळं औषध एकदम अंगात जातं. शेजाऱ्याची बीपीची गोळी वाटून घेणं, बीपी एकच असलं तरी गोळी एकच नसते. आणि अँटिबायोटिकचा अर्धा कोर्स करून उरलेल्या गोळ्या "पुढच्या वेळेला" ठेवणं. सुट्या गोळ्या घ्यायच्याच असतील तर पट्टीच्या ज्या बाजूला एक्सपायरीची तारीख आहे ती बाजू बघून घ्या नाहीतर मोबाईलवर फोटो काढा.

अजून एक आमच्या भागातलं. मंदीत ज्या कारखान्यात काम आहे तिथे माणसं डबल पाळी मारतात, बारा-बारा तास उभं राहायचं, कंबर धरते, मग रोज एक दुखण्याची गोळी. ज्याला बीपी किंवा शुगर आहे त्याने रोज डायक्लोफिनॅक खाल्लं की किडनीवर येतं, आणि किडनी गेली की मग आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस. दुखत असेल तर पॅरासिटामॉलवर भागवा, शेक घ्या, आणि ती कागदाच्या पुडीतली बिननावाची गोळी तर घेऊच नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं, दोन दिवस घोड्यासारखं वाटतं म्हणून लोक पुन्हा-पुन्हा आणतात.

कार्डं आणि कागद, तब्येत चांगली असतानाच

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त पैसे ह्यातच वाचतात. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला साधारण ३९ टक्के खर्च २०२१-२२ मध्ये लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला होता, आणि घर बुडतं ते गोळ्यांपेक्षा एका ऑपरेशनने.

रेशन कार्ड काढून बघा. घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का? नवीन सून आणि बारकं पोरगं ह्यांचीच नावं नसतात, आणि डिलिव्हरी नाहीतर काचेच्या पेटीत ठेवायची वेळ नेमकी ह्यांच्यावरच येते. आधारवरचं आणि रेशन कार्डवरचं नाव जुळतंय का तेही बघा, एक अक्षर इकडे-तिकडे असलं तरी ऐनवेळी पळापळ होते.

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना, आधी हिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, ती २०१२ ला काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ ला नाव बदललं. आता ही फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांसाठी नाही, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू केली आहे आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. अनेकांना अजून वाटतं आपलं कार्ड पांढरं म्हणजे आपल्याला काही नाही. आयुष्मान भारत कार्ड काढून ठेवा, आणि घरात ७० च्या वरचं कुणी असेल तर त्यांचं वेगळं कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, ऑक्टोबर २०२४ पासून हे चालू झालंय.

ही योजना कशी वापरायची हे नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात. ती यादीतल्या हॉस्पिटलातच चालते. ती ठराविक ऑपरेशन आणि उपचारांना चालते, साध्या ओपीडीला, तापाच्या गोळीला नाही. आणि ती कॅशलेस आहे, म्हणजे आधी पैसे भरून नंतर बिल दिलं की परत मिळतील असं नाही. म्हणून हॉस्पिटलात पाऊल टाकल्यावर पैसे भरायच्या आधी "आरोग्यमित्र कुठे बसतात" हे विचारा, ते योजनेचे मदतनीस, त्यांचं टेबल असतं, त्यांच्याकडे रेशन कार्ड आणि आधार द्या. इमर्जन्सी असेल तर भरती आधी करता येते, कागद मागून आणून देता येतात. कुणी म्हणालं "योजनेत बसवतो, पण वरचे पैसे द्यावे लागतील" तर तिथेच १५५३८८ ला फोन लावा, १८००२३३२२०० पण आहे. नंबर आत्ताच सेव्ह करा.

बाहेरच्या राज्यातून आलेले लोक आमच्याकडे खूप आहेत, युपी, बिहार, ओडिशा, कर्नाटक. त्यांच्याकडे महाराष्ट्राचं रेशन कार्ड नसतं, पण गावाकडचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या यादीतल्या हॉस्पिटलात चालतं. गावाकडच्या रेशन कार्डावर इथल्या दुकानात धान्यही उचलता येतं, अंगठा लावून. दुकानदार नाही म्हणाला तर पुरवठा ऑफिसला जा, भांडायला नको, पण उठूही नको.

सरकारी हॉस्पिटलचं एक बघा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची जेवढी रुग्णालयं आहेत, आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे. आमच्या इथे आयजीएम हे सरकारी रुग्णालय आहे तिथे त्यामुळे काही लागत नाही. मेडिकल कॉलेजला जोडलेली आणि महापालिकेची हॉस्पिटलं वेगळ्या खात्याची, तिथे थोडी फी असू शकते, तरी खाजगीच्या मानाने काहीच नाही.

आणि ट्रस्टची मोठी हॉस्पिटलं. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या हॉस्पिटलांना कायद्याने १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकाला निम्म्या दरात द्याव्या लागतात, मुंबई हायकोर्टाच्या २००६ च्या आदेशाने ही योजना ठरली आहे. जीव धोक्यात असेल तर डिपॉझिट न मागता भरती करून पेशंट स्थिर करणं हेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्पन्नाची मर्यादा सरकार मध्ये-मध्ये वाढवतं, म्हणून तहसीलदारचा उत्पन्नाचा दाखला ताजा काढून ठेवा, जुना दाखला काम चालू असतानाचा असतो. तिथे रिसेप्शनवर वाद घालत बसू नका, समाजसेवा विभागात जाऊन मेडिकल सोशल वर्करला भेटा. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज.

ज्यांचा पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जात होता त्यांनी लगेच असं समजू नका की नोकरी गेली म्हणजे कार्ड गेलं. ईएसआयचं गणित सहा-सहा महिन्यांचं असतं, एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे फायदे मिळतात आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे, फक्त त्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवस वर्गणी गेलेली पाहिजे. म्हणजे काम सुटल्यावरही बऱ्याचदा काही महिने दवाखाना चालू राहतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्याला सरासरी रोजाच्या निम्मे पैसे जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात, ती योजना वेळोवेळी मुदतवाढ देत चालवलेली आहे, त्यामुळे ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला जाऊन आत्ताची अट विचारा.

कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असेल तर ती नोकरीबरोबर जाते. पण सोडायच्या आधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करता येतो, आणि आधी भरलेली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये (जुन्या आजाराला विमा लागू व्हायच्या आधी थांबायचा काळ) मोजली जातात. एचआर हे आपणहून सांगत नाही. स्वतःची पॉलिसी असेल तर ती बंद पाडण्याआधी शंभरदा विचार करा, चाळिशीनंतर शुगर निघालेल्या माणसाला नवीन पॉलिसी मिळायला काय त्रास होतो ते एजंटलाच विचारा.

ताट

तांदूळ-गहू रेशनवर फुकट आहे, अन्नसुरक्षेच्या यादीत असाल तर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो. त्यामुळे पोट भरतं. पण मंदीत ताटातून जातं काय तर डाळ, अंडं, दूध, भाजी, आणि त्या जागी येतो चहा-बिस्कीट, पाव, फरसाण, जास्तीचा भात. शुगरच्या माणसाची साखर मंदीत वाढते ती ह्यामुळेही. आणि कुणाच्या ताटातून जातं तर आधी बाईच्या. ह्यावर कुणी घरात बोलत नाही, ती शेवटी बसते, पातेल्यात जे उरलंय ते खाते आणि "मला भूकच नाही" म्हणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना रक्त कमी निघालंय.

तर नियम एकच करा, सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि डाळ आधी वाटायची. आमच्याकडे मागासाठी सुताची कांडी भरायला जाणाऱ्या बायका दिवसभर बसून असतात, घरी येऊन स्वयंपाक, आणि जेवण रात्री दहाला. त्यांच्या डब्यात मूठभर शेंगदाणे आणि गूळ तरी असू द्या. हुलगे, मटकी, चवळी, हरभरे ही मांसाहून कितीतरी स्वस्त आहेत, हुलग्याचं माडगं आपल्या आज्या करायच्या ते काय उगाच नाही. भाजी परवडत नसेल तर बाजार उठायच्या वेळी जा. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात, त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या.

पोरांना अंगणवाडीतून आणि शाळेतून काढू नका. शाळा म्हणजे आठवीपर्यंत एक वेळचं जेवण आहे, अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि गरोदर बाईला आहार मिळतो, नाव नोंदवलेलं पाहिजे. लसी खाजगीत हजारोंच्या असतात म्हणून लोक पुढे ढकलतात, पण सरकारी केंद्रात त्यातल्या महत्त्वाच्या सगळ्या मोफत आहेत, न्यूमोनियाची महागडी पीसीव्हीसुद्धा २०२१ पासून देशभर दिली जाते. डिलिव्हरी सरकारीत केली तर सिझर झालं तरी औषध, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी ह्याचे पैसे घ्यायचे नाहीत असा नियमच आहे. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स फुकट आहे, खाजगी गाडीला तीन हजार द्यायच्या आधी तो नंबर लावा.

पाण्याचंही सांगतो. गॅस वाचवायला पहिलं काय बंद होतं तर पाणी उकळणं. आमच्या गावाने २०१२ साली पंचगंगेच्या पाण्याने काविळीची साथ बघितली आहे, त्यात माणसं गेली. गॅस नसेल तर क्लोरीनचे थेंब वापरा, मेडिक्लोर आरोग्य केंद्रात मागा.

खोकला

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, असं काही असेल तर बेडका तपासून घ्या, फुकट आहे. ह्याला वेगळं लिहितोय कारण मंदीत टीबी लपतो. २०१९ ला देशात साधारण २४ लाख टीबी रुग्णांची नोंद झाली होती, २०२० ला ती १८ लाखांवर आली. म्हणजे काय टीबी कमी झाला? नाही ओ, माणसं तपासायलाच गेली नाहीत, आणि एका खोलीत सात जण कोंडून राहिले. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवलेत. खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते अडकतं. आणि कोर्स सोडायचा नाही, बरं वाटायला लागलं म्हणून काम शोधायला गावोगाव फिरताना गोळ्या सुटतात आणि मग औषधाला न जुमानणारा टीबी होतो. दुसऱ्या गावी चाललात तर जायच्या आधी केंद्रात सांगा, ते उपचार तिकडे ट्रान्सफर करून देतात.

दारू, हप्ते आणि डोकं

सोव्हिएत युनियन कोसळल्यावर रशियात पुरुषांचं सरासरी आयुर्मान काही वर्षांत साठच्या खाली गेलं, १९९४ ला ५८ च्याही खाली, आणि त्यात दारूचा वाटा फार मोठा होता. ग्रीसमध्ये २००८ नंतरच्या संकटात सरकारने आरोग्यावरचा खर्च जोरात कापला, २०११ ला अथेन्समध्ये सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही एकदम वाढला, दहा-पंधरावरून वर्षाला अडीचशेच्या आसपास. गंमत म्हणजे अमेरिकेसारख्या देशांत मंदीच्या काळात एकूण मृत्यू थोडे कमी झालेलेही दिसलेत, गाड्या कमी धावतात म्हणून अपघात कमी वगैरे, पण तिथेही आत्महत्या वाढतात.

काम नसलेला पुरुष घरात बसला की त्याला वाटतं आपण घरावर ओझं आहोत, मग तो बाहेर कट्ट्यावर, मग क्वार्टर, मग उधारीवर क्वार्टर. दारू बंद करा असं सांगून कुणी करत नाही हे मला कळतं. निदान एवढं करा की पैसे बाईच्या हातात असू द्या, आणि सकाळी ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायचं काहीतरी काम ठेवा, पोरांना शाळेत सोडणं, आरोग्य केंद्रातून गोळ्या आणणं, रेशनची रांग. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एका दिवसात बंद करू नये, हात थरथरणं, भास, फिट्स येतात, ते डॉक्टरच्या देखरेखीतच सोडायचं. घरात मारहाण होत असेल तर बायकांसाठी १८१ आहे.

हप्त्यांचा ताण हा तब्येतीचा विषय आहे, तो वेगळा धरू नका. मायक्रोफायनान्सवाला सकाळी सातला दारात उभा राहिला की घरातल्या बाईचं बीपी गोळीने खाली येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात मायक्रोफायनान्सच्या वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायची परवानगी नाही, शिवीगाळ, धमकी, नातेवाईकांना फोन हे पण चालत नाही. हप्ता थकायच्या आधी ब्रँचला लेखी द्या की काम बंद आहे, मुदत वाढवून द्या, पोच घ्या. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढू नका, आणि दवाखान्यासाठी सावकाराकडे जायच्या आधी वरच्या योजना, पीएफमधून आजारपणाला मिळणारे पैसे, मुख्यमंत्री सहायता निधी हे सगळं विचारून झालेलं असू द्या.

माणूस गप्प झाला, झोप उडाली, जेवण सुटलं, "माझ्यानंतर असं करा, तसं करा" बोलायला लागला, आपल्या वस्तू वाटायला लागला तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका, घरातल्या जास्तीच्या गोळ्या आणि शेतीचं औषध दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आम्ही मेडिकलवालेसुद्धा बघत असतो, नेहमीचा माणूस झोपेच्या गोळ्या जास्त मागायला लागला की आम्ही चिठ्ठी मागतो, तेव्हा चिडू नका.

काम परत सुरू झालं की

लूम परत धडधडायला लागले की सगळ्यांना मागची देणी आठवतात, ते बरोबरच आहे. पण पहिल्या दोन-तीन पगारांत थोडे पैसे तपासणीला काढा. शुगरवाल्याने एचबीए१सी करून घ्या, त्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, उपाशीपोटीची एक तपासणी चांगली आली म्हणून खूश होऊ नका. बीपी-शुगर दोन्ही असेल तर लघवीतलं प्रोटीन, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि डोळ्याचा पडदा. बाईचं हिमोग्लोबिन. पोरांचं वजन-उंची अंगणवाडीच्या तक्त्यावर, मधल्या काळात रेघ आडवी झाली असेल तर लगेच दाखवा. सुटलेल्या गोळ्या आपल्या मनाने जुन्याच डोसने सुरू करू नका, मध्ये वजन आणि खाणं बदललेलं असतं, आधी बीपी-शुगर मोजून डॉक्टरला दाखवा. जुनी चिठ्ठी आणि रिकाम्या पट्ट्या सोबत न्या, "ती पांढरी गोल गोळी" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.